गच्चीवरची तार

इंदिरानगरमधल्या आमच्या कॉलनीत लाईट गेली की घराघरांतून "गेली" असा एकच सूर निघायचा आणि आमच्या डोक्यावरच्या मजल्यावरून टाळी ऐकू यायची. ती टाळी आमच्या घरमालकीणबाईंची. पाठोपाठ जिन्यात चपलांची फटफट, गच्चीच्या दाराची कडी आणि मग वरून हाक, की अरे, आकाश मोकळं झालंय, येतोस का? लाईट गेली म्हणून खूश होणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुढे पाहायला मिळेल असंही वाटत नाही. त्यात माझं दुकान इलेक्ट्रिकच्या सामानाचं. खाली मी गिऱ्हाइकाला इन्व्हर्टर घ्या म्हणून पटवतोय आणि वर लाईट गेल्याचा सण चाललाय. काय बोलणार आता!

मी मूळचा नांदगावचा. नाशकात दुकान टाकायचं ठरलं तेव्हा जागा बघायला बाईंच्या बंगल्यावर आलो. पुढे दुकानाचा गाळा, मागे दोन खोल्या, वर बाई एकट्या. घरमालक काय काय विचारतात ते मला एव्हाना पाठ झालं होतं, म्हणून उत्तरं तयार ठेवूनच गेलो होतो. बाईंनी त्यातलं काही विचारलं नाही. घरात मोबाईलचे चार्जर कसले वापरता, एवढंच विचारलं. मी आपला छाती फुगवून सांगितलं, की चार्जरचं काय घेऊन बसलात, एलईडीचे बल्ब, माळा, ट्यूब सगळं दुकानातच असेल, हवं ते मागा. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे शत्रूलाच घरात घेतेय मी. आणि चावी दिली. शत्रू लांब असण्यापेक्षा हाताशी असलेला बरा, असा त्यांचा विचार होता, हे मला फार उशिरा कळलं.

मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून अख्ख्या कॉलनीच्या त्या बाई. लग्न केलं नव्हतं. का नाही ते विचारायची कोणाची टाप नव्हती. अंगाने काटकुळ्या, सुती साडीचा पदर कायम खोचलेला. त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात आपली वेळ नसायची. जगभरची रेडिओ स्टेशनं ज्या वेळेने चालतात ती वेळ असायची, आपल्या साडेपाच तास मागे. दिवेलागणीला वेळ विचारली तर सांगायच्या, आत्ताशी दुपार झालीये. माझ्या बायकोला वाटलं, म्हाताऱ्या माणसाच्या घड्याळाचा सेल गेलाय आणि सांगणारं कोणी नाही. तिने दुकानातून नवा सेल नेऊन दिला. बाईंनी तो आनंदाने घेतला आणि रेडिओत घातला.

रेडिओ हे त्यांचं एकच वेड. आपण गाडीत लावतो तो गाण्यांचा नव्हे, शॉर्टवेव्हचा. पृथ्वीच्या पाठीवरच्या कुठल्या तरी देशातून सोडलेली लाट आकाशातल्या एका थराला आपटते, खाली येते, परत वर जाते आणि अशी उड्या मारत नाशकात पोचते. कॅरमची सोंगटी कडेला लागून परत येते ना, तसं, असं त्या सांगायच्या. मी एकदा म्हटलं, की बाई, मोबाईलवर जगातलं सगळं स्वच्छ ऐकू येतं, मग ही खरखर कशाला? भूगोलात नापास झालेल्या मुलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मोबाईलवर तुला आणून देतात, म्हणाल्या. हे लोक आकाशात सोडून देतात. कोणी ऐकेल की नाही हे त्यांना ठाऊक नसतं, तरी बोलत बसतात. मग कोणीतरी जाऊन ऐकायला नको का?

त्यातल्या निम्म्या भाषा त्यांना कळायच्या नाहीत. बायको विचारायची, काय बोलतायत हो? बाई म्हणायच्या, कोण बोलतंय, काय बोलतंय, ते सगळं नंतर. आधी कोणीतरी आहे, हे कळलं पाहिजे.

गच्चीवरची तार हा कॉलनीच्या चेष्टेचा विषय. साधी तांब्याची तार, पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून निघून मागच्या अंगणातल्या कडुनिंबापर्यंत गेलेली. ती पाइपाला किंवा फांदीला टेकू नये म्हणून दोन्ही टोकांना जुन्या टूथब्रशचे दांडे बांधलेले. झाड वाऱ्याने हललं की तार तुटते, म्हणून झाडाकडचं टोक दोरीने कप्पीवरून घेऊन त्याला खाली वरवंटा टांगला होता. झाड हललं की वरवंटा वर-खाली व्हायचा आणि तार होती तशी ताठ. नवीन माणूस विचारायचाच, झाडाला वरवंटा का टांगलाय? काही बायकांनी तो दृष्ट लागू नये म्हणून आहे असं ठरवून टाकलं होतं. तुळशीचं तर निराळंच. बाई रोज सकाळी तुळशीपाशी तांब्याभर पाणी ओतायच्या आणि लोक म्हणायचे, एवढ्या शिकलेल्या पण किती श्रद्धाळू. अहो कसली श्रद्धा! तुळशीच्या मुळाशी रेडिओच्या अर्थिंगचा गज पुरला होता आणि माती ओली असली की ऐकू नीट येतं. तुळस आपली त्या पाण्यावर आयती वाढली.

आम्ही राहायला आलो आणि बायकोने त्या तारेवर चादर वाळत घातली. गच्चीवर ताणलेली तार दिसल्यावर माणूस दुसरं काय करणार? ओल्या चादरीने तार वाकली आणि खालच्या खिडकीतून बाईंचा आवाज आला, की न्यूझीलंड बुडालं. बायको बिचारी घाबरून खाली पळाली आणि टीव्हीवर बातम्या लावून बसली. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः कठड्याच्या बाजूला नायलॉनची दोरी बांधून दिली आणि तिला बजावलं, कपडे इथे, तिथे जग.

शत्रुत्व मात्र खरं होतं. स्वस्तातले एलईडी बल्ब, चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर यांतून काहीतरी हवेत सुटतं. आपल्याला कळत नाही, पण शॉर्टवेव्हच्या रेडिओत नुसती खरखर भरून राहते. बाई संध्याकाळी हातात मावेल असा लहान रेडिओ कानाला लावून कॉलनीत फिरायच्या. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा आणि खरखर वाढत जाईल तिकडे चालत राहायचं. ज्या दारापाशी ती सगळ्यात मोठी होईल त्या दाराची बेल. तुमच्याकडे काहीतरी बोंबलतंय, एवढं म्हणून सरळ आत. कोणाच्या माशांच्या टाकीचा दिवा निघायचा, कोणाचा वायफायचा अडॅप्टर. एका घरी गणपतीची आरती चालू असताना त्यांनी मखराची माळ बंद करायला लावली, आणि लोकांनी केली, कारण त्या घरची सून त्यांची विद्यार्थिनी.

माझ्याकडे नवीन माल आला की खोकी फोडायला बाई हजर. एकेक बल्ब लावायचा, रेडिओ जवळ न्यायचा. गप्प बसला तो पास, बोंबलला तो नापास. माझं डोकं फिरायचं. दुकान माझं, माल माझा! पण उलट बोलायला गेलं की आपण बाकावर उभे आहोत असं वाटायचं. मग गंमत अशी झाली, की त्यांनी नापास केलेले बल्ब लवकर उडून परत यायला लागले आणि पास केलेले टिकले. हळूहळू गिऱ्हाईकच म्हणायला लागलं, ते बाईंचे गप्प बल्ब द्या. आता त्यांना दुकानातून बाहेर व्हा म्हणायची माझी काय बिशाद!

ह्या रेडिओवाल्यांची एक रीत आहे. लांबचं स्टेशन ऐकलं की त्यांना रिपोर्ट पाठवायचा, काय ऐकलं आणि कसं ऐकू आलं. 'कसं' ते पाच आकड्यांत सांगायचं: आवाजाची ताकद, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ, खरखर, चढउतार आणि शेवटी एकूण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे काही खरं नाही. स्टेशनला पटलं की तिकडून पोचेचं रंगीत कार्ड येतं. बाईंकडे अशा कार्डांनी बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरले होते. सवय इतकी, की हे आकडे त्या कशालाही लावायच्या. बायकोच्या आमटीला ताकद चार मिळाली, पण ढवळाढवळीत दोन. गूळ मधेमधे करतोय, म्हणाल्या. आणि एकूणचा आकडा बाकीच्यांतल्या सगळ्यात कमी आकड्याच्या वर न्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मला तो कधीच पटला नाही. जरा गूळ जास्त पडला म्हणून अख्खी आमटी दोन?

दुसरा नियम, ऐकलं तेवढंच लिहायचं. एकदा एक पुसट स्टेशन त्या जीव कानात आणून ऐकत होत्या, आणि नाव सांगायची वेळ आली तेवढ्यात आवाज बुडाला. मी मोबाईलवर बघून सांगितलं, ह्या वेळेला इथे अमका देश असतो, टाका लिहून, कार्ड येईल. बाईंनी लिहिलेला रिपोर्ट फाडला.

"तू बघितलंस. मी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "न ऐकलेलं एक लिहिलं, की ऐकलेलं सगळं खोटं होतं."

एवढ्याशा कार्डापायी एवढं कशाला, असं मी मनात म्हटलं. हे वाक्य एक दिवस माझ्याच गळ्यात येऊन पडेल हे तेव्हा कुठे माहीत होतं?

मग ती शिट्टी सुरू झाली. बाई सकाळीच दुकानात आल्या आणि म्हणाल्या, नवीन काय विकलंस? कॉलनीत कोणीतरी काहीतरी लावलंय, बारीक शिट्टी वाजतेय. बाकीची खरखर काटा हलवला की कमी-जास्त व्हायची, ही ढिम्म. काटा कुठेही न्या, शिट्टी आपली आहेच. पुसट स्टेशनं तिच्याखाली दबायला लागली. आधी न्यूझीलंड गेलं, मग त्याच्या अलीकडचे देश, असं एकेक करून त्यांच्या हातून सुटायला लागलं. सायखेड्याला एक भाचा, तो सणावाराला यायचा. बाकी त्यांच्या संध्याकाळी म्हणजे हे आवाज. ते गेले तर वरच्या मजल्यावर बाईंना उरणार काय, हे आम्हा नवराबायकोला कळत होतं. म्हणून आम्हीही शोधाला लागलो. मी दुकानातला एकूण एक दिवा बंद करून बघितला, घराचा मेन स्विच पाडून बघितला. बाई वरून सांगायच्या, आहे, अजून आहे. रेडिओ बंद केला तरी येते, म्हणाल्या, म्हणजे जवळच कुठेतरी आहे आणि भलतीच ताकदवान आहे. कानावर त्यांचा एवढा विश्वास, की यातून दुसरा काही अर्थ निघू शकतो असं त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही आलं, खरं सांगायचं तर.

शेजारच्या बंगल्यात एक केटरिंगवाले भाऊ राहतात, निफाडकडचे. लग्नाची ऑर्डर असली की मसालेभात आणि जिलेबीचा पहिला डबा बाईंना यायचा. त्यांनी नुकतंच छतावर सोलर बसवलं होतं. बाईंचा संशय तिकडे गेला. भाऊ म्हणाले, "बाई, ते उनावर चालतंय. ऊन कधी शिट्टी मारतं का?" तरी बिचाऱ्यांनी एक दिवस सोलर बंद ठेवलं. शिट्टी चालूच. तेव्हा बाई त्यांच्या दारात, चार लोकांसमोर म्हणाल्या, की तुम्ही बंद केल्याचं नुसतं सांगताय. भाऊंना ते फार लागलं. डबा बंद झाला, बोलणं बंद झालं. पुढे पुढे बाईंची बेल वाजली की लोक दार उघडेनासे झाले, ती सूनसुद्धा. कानाला रेडिओ लावून बाई गल्लीतून हळूहळू परत येताना मला गल्ल्यावरून दिसायच्या. लय वाईट वाटायचं.

अशात एकदा सबस्टेशनच्या कामासाठी दिवसभर लाईट जाणार असा मेसेज आला. बाई सकाळपासून खुशीत. संध्याकाळपर्यंत घराघरातले इन्व्हर्टरही बंद पडले. ते किती वेळ चालतात ते मी विकणारा, मला माहीत. आणि बाहेरची लाईट नसली की असलं सोलरही आपोआप बंद पडतं. म्हणजे अख्ख्या कॉलनीत वाजणारं, चमकणारं काहीही शिल्लक नव्हतं. बाई गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या. आम्ही दोघंही वारा खायला वर गेलो. त्यांनी रेडिओला तार जोडली आणि काटा फिरवायला लागल्या. एकेक आवाज उजळत वर यायला लागला, मला लांबूनही ऐकू येत होता. बाईंचा चेहरा मात्र उतरत गेला. आहेच, म्हणाल्या. मग रेडिओ माझ्या हातात दिला.

मी तो कानाला लावला. कुठल्या तरी देशातली एक बाई गात होती, एकटीच, साथीला काही नाही. अगदी खालच्या अंगणात बसून गावं इतकं स्वच्छ. शिट्टीचं नाव नाही. मी दुसरा कान दाबून परत ऐकलं.

"येतेय ना?" बाईंनी विचारलं.

हो म्हणणं लय सोपं होतं. बायको माझ्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत 'हो म्हणा' असंच होतं. हो म्हटलं असतं तर कोणाच्या तरी बॅटरीवर ढकलून आणखी काही महिने निघाले असते. पण ज्यांनी मला न ऐकलेलं सांगायचं नाही हे शिकवलं, त्यांनाच कसं सांगू?

"नाही बाई," मी म्हटलं. "शिट्टी नाही. कोणीतरी बाई गातेय, ती स्वच्छ ऐकू येतेय."

बाईंनी रेडिओ परत घेतला, बंद केला. मागचं झाकण काढून सेल काढले आणि एकेक करून कठड्यावर ठेवले. तार सोडवली. मग डोळे मिटून बसल्या. कॉलनीत कुठे फ्रिजचीसुद्धा घरघर नव्हती.

"अजून आहे," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "सापडली म्हणायची."

बायकोने त्यांचा हात हातात घेतला. कोणी अंगाला हात लावलेला बाईंना खपत नसे. त्या दिवशी त्यांनी हात काढून घेतला नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. वयाने कानाच्या नसा थकल्यात, शिट्टी आतच तयार होतेय, ती घालवेल असं औषध नाही, असं त्यांनी सांगितलं. रिक्षात बाई म्हणाल्या, खरखर एक, म्हणजे माझं एकूण एक. मला असा राग आला म्हणता! मी म्हटलं, बाई, तुमचा तो नियमच चुकीचा आहे, बदलून टाका. नियम बदलून रिपोर्ट सुधारत नसतो रे, एवढं म्हणाल्या आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

मला वाटलं, आता बाई अंथरूण धरतात. दुसऱ्या दिवशी बघतो तर पदर खोचून निघालेल्या. चुकीचा रिपोर्ट गेला असेल तर दुरुस्ती पाठवायची असते, म्हणाल्या. ज्या ज्या घरी बेल वाजवली होती त्या प्रत्येक घरी गेल्या आणि उभ्या उभ्या सांगितलं, की शिट्टी माझ्या कानात आहे, तुमच्याकडे नव्हती. त्या सुनेने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडली. भाऊंकडे जाताना मात्र बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, तू चल. त्यांना भीती वाटलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या डाव्या कानावर हात ठेवून म्हणाले, "बाई, माझ्या ह्या कानात पण वाजतंय. वरातीत बँडवाल्यांजवळ उभं राहून राहून. मला वाटलं समद्यांच्याच वाजतं."

बाईंनी विचारलं, कसं वाजतं? भाऊंनी तोंडाने बारीक आवाज काढून दाखवला. बाई म्हणाल्या, माझी याहून वरची आहे. आणि दोघंही पोट धरून हसायला लागले. पुढच्या ऑर्डरला जिलेबीचा डबा आला.

रिपोर्ट पाठवणं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. ज्या कानांवर माझाच भरवसा नाही त्यांचं दुसऱ्याला कसं कळवू, म्हणायच्या. पण संध्याकाळी गच्चीवर बसणं सोडलं नाही. मी दुकान बायकोवर सोपवून वर जायचो. रेडिओ माझ्या कानाला, काटा त्यांच्या हातात. कुठे थांबायचं ते त्यांच्या बोटांना अजून ठाऊक होतं. शेजारच्या गच्चीवर भाऊ शतपावली घालत असायचे, तेही कठड्याला टेकून थांबायचे. बाई विचारायच्या, आहे का कोणी? मी ऐकायचो आणि सांगायचो, एक माणूस बोलतोय, भाषा कळत नाही, मधेच बुडतोय. नाही तर सरळ सांगायचो, कोणी नाही. आहे म्हटलं की त्या खुर्चीला मागे टेकायच्या आणि काटा तिथेच राहू द्यायच्या. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नसे. तरी तो माणूस बोलायचा थांबेपर्यंत उठायच्या नाहीत.

बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेल्या. भाचा सामान आवरायला आला, भला माणूस आहे. रेडिओ मला देऊन म्हणाला, आमच्याकडे कोण ऐकणार? गच्चीवर जाऊन आला आणि विचारलं, ती तार काढून टाकू, का तुम्हाला कपड्यांना लागते? मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, राहू द्या, कपडे आम्ही इकडच्या दोरीवर घालतो.

परवा संध्याकाळी लाईट गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं, इन्व्हर्टर बघायलाच आलेलं. घराघरांतून "गेली" असा सूर निघाला आणि माझे कान वर लागले. टाळी काही आली नाही. गिऱ्हाइकाला बायकोकडे सोपवून मी वर गेलो, तार जोडली आणि काटा फिरवत बसलो. माझ्या बोटांना थांबायचं कळत नाही. कितीतरी वेळ नुसती खरखर. मग एका जागी, अगदी खोलवर, कोणीतरी बोलत होतं. म्हातारा असावा. भाषा कुठली ते कळेना. मी सवयीने खुर्चीकडे वळलो.

शेजारच्या गच्चीवर भाऊ कठड्याला टेकून उभे होते.

"हाय का कोणी?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं.